दातांवरचे पांढरे डाग: कीड थांबवणं आणि डाग घालवणं ही दोन वेगळी कामं आहेत

दात किडला म्हटलं की डोळ्यांसमोर काळा खड्डा येतो. पण कीड सुरू होते ती पांढऱ्या रंगात. हिरडीच्या काठाला लागून खडूसारखी निस्तेज रेघ उमटते, किंवा ब्रेसेस काढल्यावर प्रत्येक ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) जागेभोवती पांढरी चौकट उरते. दुखत नाही, ठणकत नाही, गार लागत नाही. त्यामुळे ‘दाताचा रंगच तसा असेल’ असं समजून माणूस ते सोडून देतो. दुर्दैव असं, की किडीला ड्रिल न लावता थांबवता येतं ते नेमकं याच टप्प्यावर. अजून खड्डा पडलेला नसतो, दाताचा आकार शाबूत असतो आणि गेलेलं खनिज काही प्रमाणात परतही येऊ शकतं. वरचा पापुद्रा कोसळून खड्डा पडला, की गेलेला भाग शरीर पुन्हा भरून देत नाही.

डेंटिस्टकडे येणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, ‘हा डाग जाईल का?’ तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की हा डाग अजून वाढतोय का? डाग थांबणं आणि डाग दिसेनासा होणं यांत फरक आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि कधीकधी ते एकमेकांच्या आड येतात. बहुतेक गोंधळ आणि वाया गेलेले उपचार तिथूनच सुरू होतात.

पांढरं दिसतं ते का

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग. वजनाने पाहिलं तर त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे दाटीवाटीने बसलेले स्फटिक. पण इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपून जातात. त्यामुळे हाड जुळतं किंवा कातडी भरून येते तसं इनॅमल स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्याची डागडुजी होते ती लाळेतून येणाऱ्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे.

दातावर साचणाऱ्या चिकट थराला प्लाक म्हणतात. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधला पीएच उतरतो (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज बाहेर पडायला लागतं. पुढच्या अर्ध्या ते एका तासात लाळ आम्ल निवळवते, पीएच पुन्हा चढतो आणि खनिज परत बसायला लागतं. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात प्लाकमधला पीएच मोजून ही चढउतार दाखवली. आजही दंतवैद्यकाचे विद्यार्थी हा आलेख ‘स्टीफन कर्व्ह’ म्हणून शिकतात. हे जाणं-येणं प्रत्येकाच्या तोंडात रोज चालू असतं. आठवडेच्या आठवडे जाणारं खनिज जास्त आणि येणारं कमी पडलं, तर डाग उमटतो.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या उपचारांशी जोडलेली आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. खनिज आधी जातं ते पृष्ठभागावरून नाही, त्याच्या खालून. वरचा, मिलिमीटरच्या काही शतांशांइतका पातळ थर बऱ्यापैकी घट्ट राहतो आणि त्याच्या पोटात इनॅमल सच्छिद्र होत जातं. निरोगी इनॅमलमधून प्रकाश फारसा न अडता आत जातो, म्हणून दात किंचित पारदर्शक दिसतो. सच्छिद्र भागात मात्र स्फटिकांच्या मधे पाणी किंवा हवा शिरलेली असते. अपवर्तनांक म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचा आकडा. इनॅमलचा अपवर्तनांक साधारण १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. हा फरक जितका मोठा, तितका प्रकाश जास्त विखुरतो आणि ती जागा पांढरी दिसते. घासून धुरकट केलेल्या काचेवर पाणी टाकलं की ती काही वेळ स्वच्छ दिसते आणि वाळली की पुन्हा धुरकट होते, तेच इथे घडतं.

डेंटिस्ट दात तपासताना त्यावर हवेचा झोत मारतात तो याचसाठी. दात ओला असताना काहीच दिसत नाही आणि काही सेकंद वाळवल्यावर पांढरट डाग उठतो, तर कीड अगदी सुरुवातीची असते. ओल्या दातावरही डाग स्पष्ट दिसत असेल, तर ती जास्त खोल गेलेली असते. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना सकाळी दातांवर पांढरे पट्टे दिसतात आणि दुपारपर्यंत फिके होतात, त्यामागेही हेच कारण आहे. लांबलेल्या उपचारानंतर दात तात्पुरते डागाळलेले वाटतात तेही वाळल्यामुळेच. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

वरचा तो पातळ घट्ट थर जपायला हवा. डाग ‘मऊ आहे का’ हे पाहायला टोकदार वस्तूने टोचलं, तर तो थर फुटतो आणि जिथे खड्डा नव्हता तिथे आपणच खड्डा करतो. म्हणून आता डाग तपासताना टोकदार अणी खुपसत नाहीत, बोथट टोकाचं अवजार पृष्ठभागावरून अलगद फिरवून बघतात. घरी नखाने किंवा टाचणीने खरवडणं तर पूर्णपणे टाळावं.

प्रत्येक पांढरा डाग कीड नसतो

इलाज ठरवण्याआधी डाग कशाचा आहे हे कळलं पाहिजे. चुकीच्या निदानावर महागडे उपचार करून घेतलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं.

किडीचा डाग जिथे प्लाक साचतो तिथेच येतो: हिरडीच्या काठाला, ब्रॅकेटभोवती, दोन दातांच्या फटीत, दाढांच्या खाचांत. तो आधी नव्हता आणि नंतर आला, हे त्याचं दुसरं लक्षण. जुने फोटो इथे खूप उपयोगी पडतात. दात उगवल्यापासून डाग असेल, तर बहुधा तो दात घडत असतानाचा दोष असतो.

फ्लोरोसिस हा तशातलाच एक. दात घडत असतानाच्या वर्षांत पोटात फ्लोराइड जास्त गेलं, की दातांवर पांढऱ्या आडव्या रेघा किंवा ढगाळ पट्टे येतात. ते डावी-उजवीकडे सारखेच आणि एकाच काळात घडलेल्या बऱ्याच दातांवर दिसतात. फ्रेडरिक मॅके या डेंटिस्टला १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्याचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. दरम्यान मॅके यांच्या लक्षात आलं होतं, की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. फ्लोराइड किडीविरुद्ध वापरण्याची कल्पना त्याच निरीक्षणातून पुढे आली.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा. दातावर पांढरा डाग दिसला, की काही जण फ्लोरोसिसच्या भीतीने फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करतात. फ्लोरोसिस होतो तो दात जबड्यात घडत असताना, साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, आणि फ्लोराइड गिळल्यामुळे. मोठ्या माणसाच्या उगवून बसलेल्या दातांना टूथपेस्टमुळे नवा फ्लोरोसिस होऊ शकत नाही. किडीचा डाग असताना फ्लोराइड सोडणं म्हणजे जो उपाय लागू पडतो तोच थांबवणं.

लहानपणी दुधाच्या दाताला मार लागला किंवा त्याच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडणाऱ्या कायमच्या दातावर एखादाच, ठळक कडांचा डाग राहतो. आणखी एका प्रकारात पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्यावर दुधाळ, पिवळे किंवा तपकिरी ठिपके असतात. मुलाला ब्रश लागला तरी झोंबतं आणि दाढांचे तुकडे निघतात. असे दात डेंटिस्टला लवकर दाखवावेत, कारण ते झपाट्याने झिजतात.

ब्रेसेस असतील तर

पांढऱ्या डागांचा मोठा वाटा ब्रेसेसमधून येतो आणि तो बराचसा टाळता येण्यासारखा आहे. ब्रॅकेट बसल्यावर त्याच्या आणि हिरडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत प्लाक अडकतो. जीभ, ओठ आणि लाळ एरवी जी सफाई करतात ती तिथे पोहोचत नाही. साफसफाई ढिली असेल, तर ब्रॅकेट लावल्यापासून महिनाभरात डाग दिसू शकतो. ब्रेसेस मात्र दीड-दोन वर्षं असतात. वरच्या जबड्यातले मधल्या दोन दातांच्या शेजारचे दात याला जास्त बळी पडतात. हसताना दिसणारे हेच दात, म्हणून दुःखही जास्त होतं. दात सरळ झाल्याच्या आनंदाच्या दिवशीच तारा निघतात आणि डाग पहिल्यांदा नजरेस पडतात.

ब्रश ब्रॅकेटवरून आडवा फिरवून भागत नाही. एकदा वरून खाली तिरका धरून हिरडी आणि ब्रॅकेटमधली पट्टी घासावी, एकदा खालून वर धरून ब्रॅकेटची दुसरी बाजू, आणि तारेखालून जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश वेगळा फिरवावा. दिवसातून एकदा फ्लोराइडच्या माउथवॉशने चूळ भरावी. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश याच कामासाठी असतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तो देत नाहीत, कारण ती गिळतात. तार आवळायला गेलं की डेंटिस्टला मागे राहिलेला प्लाक दाखवायला सांगा आणि फ्लोराइड वार्निशबद्दल, म्हणजे दातावर लावायच्या तीव्र फ्लोराइडच्या लेपाबद्दल, विचारा.

वारंवार सांगूनही सफाई जमत नसेल आणि डाग पसरत असतील, तर ब्रेसेस ठरल्याआधी काढण्याचा निर्णयही योग्य ठरतो. थोडे वाकडे पण धड दात हे सरळ पण किडलेल्या दातांपेक्षा चांगले, असं माझं स्पष्ट मत आहे. हा पर्याय उपचार सुरू होण्यापूर्वीच बोलून ठेवावा.

कीड थांबवायची ती अशी

साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली याला जास्त महत्त्व आहे. प्रत्येक वेळी पीएच उतरतो आणि सावरायला अर्धा-एक तास घेतो. गोड पेयाचे घोट दिवसभर घेत राहिलं, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. तीच साखर जेवणाबरोबर एकदा घेतली, तर नुकसान कितीतरी कमी होतं. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून झोपण्याआधी ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये. दुधाची किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ येते. ओठाआड ती झाकलेली असते. बाळाचा वरचा ओठ अधूनमधून उचलून दात बघावेत, म्हणजे ती वेळेवर सापडते.

तोंड सतत कोरडं पडत असेल, तर ते डेंटिस्टला सांगा. अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी लाळ कमी होते आणि मग ब्रश नीट करूनही डाग येतात. साखर नसलेलं च्युइंगगम चघळलं की लाळ सुटते, तेवढी मदत होते.

फ्लोराइड काम करतं ते दाताला लागून, पोटात जाऊन नाही. ते लाळेतलं खनिज दातावर परत बसायला मदत करतं. नव्याने बसणारा स्फटिक आधीच्यापेक्षा चिवट असतो आणि तो विरघळायला पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरावा लागतो. मोठ्यांसाठी पाकिटावर १००० ते १५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइड लिहिलेली पेस्ट असावी. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण भरपूर पाण्याने चूळ भरू नये, नाहीतर लावलेलं फ्लोराइड धुऊन जातं. एवढा एक बदल फुकट आहे आणि उपयोगी आहे.

डाग आधीच असतील तर डेंटिस्ट ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावतात. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं. ते पातळ थरात लावतात आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. कीड थांबली की डागाचा पोत बदलतो. चालू कीड खरखरीत आणि निस्तेज असते, थांबलेली गुळगुळीत आणि चकचकीत. रंग मात्र पांढराच राहू शकतो, किंवा वर्षानुवर्षांत तपकिरी होतो. असा थांबलेला डाग दिसायला बरा नसला तरी दाताला धोका नसतो, आणि तो दाढेवर असेल तर तसाच सोडून द्यावा.

पुढच्या दातांवर मात्र पेच आहे. खूप तीव्र फ्लोराइड वारंवार लावलं, की डागाचा वरचा थर पटकन घट्ट होतो आणि आतल्या सच्छिद्र भागापर्यंत खनिज पोहोचायची वाट अरुंद होते. कीड थांबते, पण डाग आतून पांढराच राहतो. म्हणून ब्रेसेस काढल्यावर पुढच्या दातांवर डाग असतील आणि तोंडाची स्थिती एरवी चांगली असेल, तर अनेक तज्ज्ञ काही महिने नेहमीची फ्लोराइड पेस्ट, चांगली सफाई आणि लाळ यांवरच भिस्त ठेवायला सांगतात. पहिल्या काही महिन्यांत डाग आपोआप बरेच फिके होतात. उलट ज्याच्या तोंडात नवी कीड होतच आहे, त्याने दिसण्याचा विचार बाजूला ठेवून वार्निश घ्यावं. दात टिकला तर दिसण्याचं नंतर बघता येतं.

दुधातल्या केसीन प्रथिनापासून केलेलं, कॅल्शियम-फॉस्फेट पुरवणारं क्रीमही यासाठी मिळतं. त्याने थोडा फायदा होऊ शकतो, पण फ्लोराइड पेस्टच्या वर तो किती होतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते अजिबात वापरू नये.

आता दिसण्याचं

सहा-एक महिने वाट पाहूनही डाग खुपत असेल आणि कीड थांबलेली असेल, तर पुढचा विचार करावा. माझ्या मते आज यातला सगळ्यात विचारपूर्वक घडवलेला उपाय म्हणजे रेझिन इन्फिल्ट्रेशन, म्हणजे डागाच्या छिद्रांत रेझिन नावाचा, नंतर घट्ट होणारा द्रव मुरवणं. जर्मनीतल्या संशोधकांनी तो विकसित केला आणि २००९ च्या सुमारास तो बाजारात आला. यात इंजेक्शन लागत नाही, ड्रिलही लागत नाही. हिरडी आणि ओठ रबराच्या पडद्याने झाकून डागावर १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं लावतात. तो वरचा घट्ट थर त्याने निघतो आणि आतली छिद्रं उघडी होतात. मग इथेनॉलने आतलं पाणी काढून डाग पूर्ण वाळवतात. इथेनॉल लावताच डाग क्षणभर फिका झाला, तर पुढचा निकाल चांगला येणार याची ती खूण असते. झाला नाही तर जेल पुन्हा लावतात. शेवटी पाण्यासारखं पातळ रेझिन छिद्रांत मुरू देतात आणि निळ्या प्रकाशाने पक्कं करतात.

वर सांगितलेले आकडे इथे कामाला येतात. या रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आहे, म्हणजे इनॅमलच्या बराच जवळ. छिद्रांतल्या पाण्याची किंवा हवेची जागा त्याने घेतली की प्रकाशाचं विखुरणं कमी होतं आणि डाग आजूबाजूच्या दातात मिसळून जातो. शिवाय आम्लाला आत शिरायची वाट बुजते. ब्रेसेसनंतरच्या डागांवर हा उपाय छान चालतो. सौम्य फ्लोरोसिसमध्ये कमी-अधिक फरक पडतो, आणि दात घडतानाच आलेल्या खोल ठिपक्यांवर निकालाची खात्री देता येत नाही. खड्डा पडलेल्या दातावर त्याचा उपयोग नाही. आणि मुरलेलं रेझिन परत काढता येत नाही, म्हणून घाई नको.

डाग उथळ असेल तर मायक्रोअ‍ॅब्रेजन करतात. आम्ल आणि बारीक घासणारी पूड यांच्या मिश्रणाने इनॅमलचा अगदी पातळ थर काढून पृष्ठभाग चकचकीत करायचा. फ्लोरोसिसच्या वरवरच्या तपकिरी डागांवर ते उपयोगी पडतं, पण गेलेलं इनॅमल कायमचं गेलेलं असतं.

ब्लीचिंगने डाग जात नाही, उरलेला दात उजळतो आणि त्यामुळे फरक कमी जाणवतो. चालू किडीवर ते करू नये. ब्लीचिंग आणि इन्फिल्ट्रेशन दोन्ही करायचे असतील, तर आधी ब्लीचिंग करून साधारण दोन आठवडे थांबतात, नाहीतर रेझिन नीट धरत नाही. दात कोरून कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरणं किंवा व्हिनियर (दातावर चिकटवायचं पातळ कवच) चढवणं हे अगदी शेवटचं. विशीतल्या मुलीच्या धड दातावर एका पांढऱ्या डागासाठी व्हिनियर सुचवलं गेलं, तर दुसऱ्या डेंटिस्टचं मत जरूर घ्यावं. व्हिनियर आयुष्यभर टिकत नाही, पुढे ते बदलावं लागतं.

लिंबू चोळणं, कोळशाची पूड, खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस यांचं मिश्रण हे उपाय सगळीकडे फिरत असतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. जिथे मुळातच खनिज कमी पडलंय तिथे आपण आणखी आम्ल लावतो. कोळशाच्या पुडीने इनॅमल घासलं जातं. लगेच दात पांढरे वाटले तरी डाग त्याने मोठाच होतो.

डाग खरखरीत लागत असेल, त्याचा रंग पिवळट होत असेल, फ्लॉस तिथे अडकत असेल किंवा गार लागायला सुरुवात झाली असेल, तर वाट न पाहता दाखवून घ्यावं. इन्फिल्ट्रेशन करून घेतलं असेल, तर त्याची तारीख आणि दात लिहून ठेवा. ते रेझिन एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे पुढच्या डेंटिस्टला ती जागा कीडच वाटू शकते आणि भरलेल्या जागी विनाकारण ड्रिल चालू शकतं.